व्हिडिओचा रकाना

आमच्या कंपनीच्या वार्षिक अहवालात कित्येक वर्षं एक टीप होती. "कंपनीचा व्यवसाय 'डिजिटल मीडिया' या एकाच विभागात मोडतो, त्यामुळे विभागनिहाय वेगळी माहिती देणे लागू नाही." दर एप्रिलमध्ये मी ती मागच्या वर्षीच्या फाइलमधून उचलून नव्या फाइलमध्ये ठेवायचे. तिच्यात बदलण्यासारखं काही नव्हतंच, ना आकडा, ना तारीख. शंभरेक पानांच्या त्या जंजाळात मला आवडणाऱ्या मोजक्या टिपांपैकी ती एक होती.

२०२२च्या एप्रिलमध्ये ती गेली, आणि गेली ती माझ्याच हातून.

जुन्या ऑडिटरांची दहा वर्षं भरली होती. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तेवढ्या वर्षांनी कायद्याने ऑडिट फर्म बदलावीच लागते, तशी आम्ही बदलली होती. नव्या फर्मने सप्टेंबर आणि डिसेंबरच्या तिमाहीत आमचं ते वाक्य चालू दिलं. वर्षअखेरीच्या पहिल्या बैठकीत मात्र त्यांच्या मॅनेजर बाईंनी त्याच्यावर पेन्सिल टेकवली आणि अगदी सहज विचारलं, "तुमचे सीईओ दर महिन्याला काय बघतात?"

मला वाटलं, चला, आपलं कौतुक व्हायची वेळ आली. सीईओंसाठी महिन्याचा एमआयएस, म्हणजे कंपनीच्या आतल्यांसाठीचा आकड्यांचा अहवाल, मीच करते. दहा तारखेच्या आत बावीस पानांची पीडीएफ, आणि पहिल्याच पानावर सगळ्या धंद्याचा गोषवारा. मी उत्साहाने मागच्या बारा महिन्यांच्या फाइली पाठवून दिल्या. त्या पहिल्या पानावर चार रकाने होते: पोर्टल, व्हिडिओ, इव्हेंट्स, ऑडिओ. प्रत्येकाखाली महसूल, खर्च आणि उरलेला नफा किंवा तोटा.

दुसऱ्या दिवशी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "हे चार विभाग आहेत ना?"

हिशेबाचं जुनं मानक, एएस १७, होतं तेव्हा धंद्यातली जोखीम आणि परतावा बघून हिशेबवाले आपल्या अकलेने विभाग पाडत. जाहिरात ती जाहिरात, मग ती लेखाशेजारी दिसो नाहीतर व्हिडिओच्या आधी, असा युक्तिवाद त्यात खपून जाई. इंड एएस १०८ने तो दरवाजा बंद केला. हे मानक आंतरराष्ट्रीय आयएफआरएस ८वर बेतलेलं आहे, आणि त्याचं मूळ १९९७च्या अमेरिकन मानकात. त्याचं म्हणणं एवढंच, की कंपनी चालवणारा माणूस ज्या चष्म्यातून धंदा बघतो तोच चष्मा भागधारकालाही द्या. त्या माणसाला मानकात लांबलचक नाव आहे, सगळे सीओडीएम म्हणतात. पैसा कुठे ओतायचा आणि कुठे आखडायचा हे जो ठरवतो तो. आमच्याकडे ते सीईओ. आणि त्यांचा चष्मा घासूनपुसून दर महिन्याला त्यांच्या टेबलावर ठेवणारी मी.

सीएफओंनी, म्हणजे आमच्या वित्तप्रमुखांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. चिडले नव्हते, पण आवाज खाली आला होता. "पाठवण्याआधी मला एकदा विचारायचं."

बरोबरच होतं त्यांचं. पण विचारलं असतं तरी काय वेगळं झालं असतं? ऑडिटरने मागितल्यावर एमआयएस द्यावाच लागतो.

खरे आकडे सांगता येणार नाहीत, म्हणून बाहेरून येणारा एकूण महसूल १०० रुपये धरा. बाकीच्या आकड्यांचीही मोडतोड केली आहे, प्रमाण साधारण तेच. पोर्टलचे ५८, व्हिडिओचे २३, इव्हेंट्स आणि ब्रँडेड कंटेंटचे १६, ऑडिओचे, म्हणजे पॉडकास्टचे, ३. नफ्याच्या बाजूला पोर्टल १९ रुपये कमावत होतं, इव्हेंट्स ४. व्हिडिओ १४ गमावत होता, ऑडिओ २. बेरीज ७. बाहेरच्या जगाला गेली कित्येक वर्षं ही ७चीच सावली दिसत होती. आतली १९ आणि १४ आम्हा आठदहा जणांना माहीत.

वेगळा दाखवण्याइतका विभाग मोठा आहे का, यासाठी दहा टक्क्यांच्या तीन कसोट्या असतात: महसूल, नफा-तोटा आणि मालमत्ता. एकीत बसला तरी दाखवायचा. महसुलाची कसोटी लावताना बाहेरच्या महसुलात विभागांनी एकमेकांना आकारलेले पैसेही धरायचे. आमच्याकडे ते ६ रुपये होते आणि त्यांच्यावरून एक आख्खी दुपार गेली.

झालं होतं असं, की इव्हेंट्सवाले आपल्या पुरस्कार सोहळ्यांची जाहिरात पोर्टलवर करत. बाहेरच्या जाहिरातदाराला विकता आली असती अशी जागा त्यात जाई, म्हणून दोन वर्षांपूर्वीपासून मी एमआयएसमध्ये रेट कार्डाच्या निम्म्या दराने ती इव्हेंट्सच्या नावे टाकायला लागले. इव्हेंट्सच्या प्रमुखांना हे कधीच पटलं नव्हतं. "घराच्या भिंतीवर घरच्याच लग्नाचा फ्लेक्स लावायला भाडं?" असं ते दरवेळी म्हणायचे आणि मग सही करायचे. आता तो आकडा छापून येणार म्हटल्यावर सहीला तयार होईनात. शेवटी एकत्रित हिशेबात तो वजाच होतो, एकूण महसुलात त्याचा एक पैसाही धरला जात नाही, हे ताळमेळाच्या तक्त्यात दाखवल्यावर गाडी हलली.

खरी लढाई सीडीएनच्या बिलाची. वाचकाच्या फोनपर्यंत मजकूर आणि व्हिडिओ पोचवणाऱ्या सर्व्हरांचं हे भाडं पगारांनंतरचा आमचा सर्वांत मोठा खर्च. ते वाटायचं कशावर? एमआयएसमध्ये मी किती जीबी डेटा वाहिला यावर वाटत होते, कारण टेक टीमकडून महिन्याचा तेवढाच एक रिपोर्ट वेळेवर यायचा. एक मिनिटाच्या व्हिडिओत जेवढा डेटा जातो तेवढ्यात कित्येक बातम्या वाचून होतात. त्यामुळे बिलाचा मोठा घास व्हिडिओच्या ताटात.

व्हिडिओचे प्रमुख म्हणाले, पेज व्ह्यूवर, म्हणजे पान किती वेळा उघडलं यावर, वाटा. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मी आजही म्हणेन. लोक बातमीच्या पानावर येतात ते बऱ्याचदा त्यातली क्लिप बघायला. क्लिपच्या आजूबाजूच्या बॅनरचे पैसे पोर्टलला मिळतात, क्लिप पोचवण्याचं बिल व्हिडिओला लागतं. हा अन्यायच आहे. माझ्या एक्सेलमध्ये तो तीन वर्षं बसून होता, कारण एका पानाची कमाई दोघांत कशी वाटायची हे कुणाला सुचलं नव्हतं आणि मला विचारायला कुणी आलं नव्हतं.

पेज व्ह्यूने वाटून बघितलं. व्हिडिओचा तोटा १४वरून ६वर आला आणि पोर्टलचा नफा १९वरून ११वर. बेरीज तीच ७. केबिनमध्ये जरा हवा मोकळी झाली. मग मी दहा टक्क्यांची कसोटी नव्याने लावली आणि बोलायचं की नाही अशा पेचात पडले.

नफा-तोट्याच्या कसोटीत नफ्यातल्या विभागांची एक बेरीज करायची आणि तोट्यातल्यांची दुसरी. अधिक-उण्याची चिन्हं सोडून जी मोठी तिच्या दहा टक्के. जुन्या वाटपाने नफ्याची बेरीज २३, दहा टक्के म्हणजे २ रुपये ३० पैसे. ऑडिओचा तोटा २, म्हणजे तो त्या रेषेखाली राहून 'इतर'मध्ये जायचा. नव्या वाटपाने नफ्याची बेरीज १५ झाली आणि रेषा आली दीड रुपयावर. पॉडकास्टचं होस्टिंग वेगळ्या कंपनीकडे असल्याने त्याचे २ रुपये जागचे हलले नव्हते. म्हणजे व्हिडिओची अब्रू झाकायला जावं तर ऑडिओ उघडा पडणार. बातम्या वाचून दाखवणाऱ्या सहा पोरापोरींचा तो विभाग, सगळ्या भारताला तिमाहीतिमाहीला तोट्यात दिसणार.

सीएफओ हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

हा सगळा खेळ ऑडिटर बाईंनी दोन वाक्यांत संपवला. मानकाला कुठलं वाटप जास्त न्याय्य याच्याशी फारसं देणंघेणं नाही. सीईओंना जो आकडा दिला जातो तोच छापायचा, आणि त्यांना गेली तीन वर्षं जीबीवाला आकडा दिला गेला आहे. वाटप वाजवी हवं एवढीच अट, आणि जीबी वाजवी नाही असं आम्हीही म्हणू शकत नव्हतो, कारण सीडीएनवाले बिल त्याच मापाने लावतात.

सीएफओंनी शेवटचा प्रयत्न म्हणून परदेशातली उदाहरणं काढली. नेटफ्लिक्स २०१९पर्यंत अमेरिकेतलं स्ट्रीमिंग, बाहेरचं स्ट्रीमिंग आणि डीव्हीडी असे तीन विभाग दाखवत होतं, मग सगळं मिळून एकच विभाग केला. अल्फाबेटने यूट्यूबच्या जाहिरातींचा महसूल पहिल्यांदा सांगितला तो फेब्रुवारी २०२०मध्ये, २०१९ सालासाठी १५ अब्ज डॉलरच्या वर, आणि तोही नुसता महसूल. नफा आजवर गुलदस्त्यात. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ॲमेझॉनची आठवण करून दिली. त्यांनी एप्रिल २०१५मध्ये क्लाउडचा धंदा वेगळा दाखवला आणि तो नफ्यात निघाला, तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. "विभाग वेगळा करायला लोक नाही म्हणतात ते तोट्याच्या," त्या म्हणाल्या. मग आमच्याच एमआयएसची थप्पी पुढे सरकवली.

मला तोवर वाटत होतं, त्यांचा सगळा रोख त्या तक्त्यावर आहे. तो होता गुडविलवर.

तीन वर्षांपूर्वी आम्ही व्हिडिओ बनवणारी एक छोटी कंपनी विकत घेतली होती. मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेले पैसे गुडविल म्हणून ताळेबंदात बसले. त्याची किंमत अजून शाबूत आहे का, हे दरवर्षी तपासावं लागतं. तपासायचं कुठल्या पातळीवर? इंड एएस ३६ म्हणतं, विभागाहून मोठ्या पातळीवर नाही. आमचा विभाग एकच, म्हणजे आख्खी कंपनी. तिचं बाजारमूल्य भरपूर, त्यामुळे गुडविल सुखात होतं. पाच मिनिटांत परीक्षा पास. त्या निरुपद्रवी वाक्याचा हा खरा उपयोग होता, आणि ते दरवर्षी कॉपी-पेस्ट करताना माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. शिकलेल्या माणसाला ही कबुली देताना लाज वाटते.

आता ते गुडविल एकट्या व्हिडिओच्या खांद्यावर आलं. व्हिडिओच्या प्रमुखांनी पाच वर्षांचे अंदाज पाठवले. पहिली दोन वर्षं सपाट आणि तिसऱ्या वर्षापासून थेट सिंहगडाचा चढ. मूल्यांककाने चढाची कारणं मागितली. दोन कारणं टिकली, तिसरं टिकलं नाही. गुडविलचा साधारण तिसरा हिस्सा त्या वर्षी नफ्यातून उडवावा लागला.

पुढचे पंधरा दिवस मी घरी फक्त झोपायला गेले. निकालाच्या तक्त्यात पाच रकाने असतात: मार्च तिमाही, तिच्या आधीची डिसेंबर तिमाही, मागच्या वर्षीची मार्च तिमाही, आणि दोन्ही आख्खी वर्षं. विभाग नव्याने दाखवायचे म्हणजे मागच्यांचेही दाखवायचे. मागच्या वर्षी कोविडमुळे इव्हेंट्सचा रकाना जवळजवळ कोरा. आणि 'कॉमन' नावाचं एक कॉस्ट सेंटर. कुठे टाकायचं कळलं नाही की अकाउंट्समधला प्रत्येक जण खर्च त्यात ढकलायचा. कॅमेऱ्याचे लेन्स, पाहुण्यांचं विमान, दिवाळीचा सुका मेवा, सगळं त्यात. आमच्याकडे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या दोन आर्टिकल पोरांनी एकेक व्हाउचर काढून त्याचं घर शोधलं. सुका मेवा 'न वाटलेला खर्च' या ओळीत गेला. त्या ओळीत अध्यक्षांचा पगार, मुख्यालयाचं भाडं आणि आमचं आख्खं फायनान्स खातं सोबतीला होतं. कमावत नाही ते कुणाच्याच रकान्यात नसतं. मालमत्तेचं वाटप सीईओंना कधी दिलंच नव्हतं, त्यामुळे तिथे एका टिपेवर भागलं.

मोठ्या ग्राहकाची टीप सोपी वाटली होती. एखाद्या ग्राहकाकडून दहा टक्के किंवा त्याहून जास्त महसूल येत असेल तर तसं सांगायचं, नाव दिलं नाही तरी चालतं. पण आमचा ग्राहक कोण? साबण विकणारी कंपनी, की तिच्या वतीने आरओ, म्हणजे जाहिरातीची ऑर्डर, पाठवणारी मीडिया एजन्सी? बिल एजन्सीच्या नावे निघतं. आणि त्या एजन्स्या चार नावांच्या असल्या तरी वर मालक एकच निघतो. तसं असेल तर मानक त्यांना एकच ग्राहक धरतं. बेरीज केली तर बारा टक्के. सेल्सच्या प्रमुखांनाही हे माहीत नव्हतं. ते वहीत टिपून घेऊन गेले, पुढच्या दराच्या वाटाघाटीसाठी.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बोर्डाची बैठक झाली. साठ दिवसांची मुदत अगदी तोंडावर होती. बैठक संपल्यापासून तीस मिनिटांत निकाल दोन्ही शेअर बाजारांना पोचवावे लागत, आणि त्या तीस मिनिटांत स्कॅनर अडकला. याहून जास्त त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं दुसऱ्या सकाळी घडलं. निकालाचा सारांश एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक दैनिकात द्यावा लागायचा. आमचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, म्हणजे मराठीत. फायनान्समध्ये मराठी वाचणारी मी एकटी, त्यामुळे जाहिरातीचं प्रूफ दर तिमाहीला माझ्याकडे येई. "कालावधीकरिता निव्वळ नफा/(तोटा) (कर, अपवादात्मक आणि/किंवा असाधारण बाबींपूर्वी)" ही ओळ मला तोंडपाठ आहे. त्यानंतरची ओळ जवळजवळ तीच, तीही करापूर्वीचीच, फक्त अपवादात्मक बाबींपुढे 'पूर्वी'च्या जागी 'नंतर'. एरवी दोन्ही ओळींत आकडा एकच असे. या वेळी वेगळे होते, आणि का वेगळे ते सांगणारी एक टीप खाली होती. एजन्सीच्या भाषांतरकाराने लिहिलं होतं: "व्हिडिओ व्यवसायाच्या सद्भावनेची हानी झाल्यामुळे."

मी ते वाचून बराच वेळ हसले. मग व्हिडिओच्या मजल्यावरून कॉफी आणायला गेले तेव्हा जाणवलं, भाषांतर तितकं चुकलेलं नाही. एडिटिंगची मुलं मोबाइलवर निकालाची पीडीएफ उघडून बसली होती. सातव्या पानावर. एकाने मला विचारलं, "मॅडम, म्हणजे आम्ही सगळ्यांना खातोय का?" मी त्याला बॅनरच्या पैशांचं सांगायला लागले, जीबी आणि पेज व्ह्यूचं. त्याने ऐकून घेतलं. पण कागदावर कंसात १४ होते आणि माझं स्पष्टीकरण कुठल्याच टिपेत नव्हतं.

प्रुफात मी 'सद्भावना' खोडून 'ख्याती' केलं, बारावी कॉमर्सच्या मराठी पुस्तकात असतं तसं.

विश्लेषकांच्या कॉलवर पहिला प्रश्न व्हिडिओचा, दुसरा व्हिडिओचा, तिसरा भाषेच्या विस्ताराबद्दल असं म्हणत सुरू झालेला पण शेवटी व्हिडिओचाच. सीईओ चांगलं बोलले, गुंतवणुकीचा काळ वगैरे. शेअर दोन दिवस पडला, तिसऱ्या दिवशी सावरला. सगळ्यांना वाटली होती तेवढी पडझड झाली नाही.

जूनच्या मध्यावर सीएफओंनी पुन्हा बोलावलं. टेबलावर नवा ऑर्ग चार्ट. पोर्टल आणि व्हिडिओ मिळून 'एकात्मिक कंटेंट' नावाचा एक विभाग, इव्हेंट्स आणि ऑडिओही त्याच छत्रीखाली. "पुढच्या महिन्यापासून एमआयएसचं पहिलं पान एकाच रकान्याचं. सीईओ एकत्रच बघणार."

मी बाईंना फोन करून विचारलं, असं चालतं का. चालतं, त्या म्हणाल्या, खरोखर तसं चालवत असाल तर. फक्त कागद बदलून नाही. बजेट कसं मंजूर होतं, प्रमुखांचा बोनस कशावर ठरतो, बोर्डापुढे काय जातं, हे सगळं आम्ही बघणार. रचना खरंच बदलली असेल तर मागचे आकडेही नव्या रचनेत मांडा, आमची हरकत नाही.

जुलैच्या आठ तारखेला मी एकरकानी एमआयएस पाठवला. बावीसची सोळा पानं झाली होती. करायला निम्मा वेळ लागला, हेही कबूल करते.

अकरा तारखेला, सोमवारी सकाळी, सीईओंचा फोन. ते मला थेट फोन करत नाहीत.

"पहिलं पान अर्धवट आलंय. व्हिडिओ कुठे आहे?"

मी म्हटलं, "सर, आता सगळं एकत्रच दाखवायचं ठरलंय."

"ते ठीक आहे. पण मला व्हिडिओ किती गेला ते बघायचंय. दुपारी त्यांच्यासोबत बसायचंय मला, कॅमेरा युनिट कमी करायचं की नाही ते ठरवायला."

मी जुन्या साच्यातलं पान काढलं, चारही रकाने भरले आणि मेल केलं, वेळ ९:४२. सीसीमध्ये सीएफओ. मग त्या मेलची प्रिंट काढून जून तिमाहीच्या ऑडिट फाइलमध्ये सर्वांत वर लावली.